वहिवाटदाराच्या रकान्यात

सरकारी दफ्तरात कुणबी आपणहून जात नाही. त्याच्याकडून काही घ्यायचं असतं किंवा त्याचं काही बुडालेलं असतं, तेव्हाच त्याचं नाव तिथे चढतं. सारा थकला, शेत गहाण पडलं, बांध सरकला, घरचा कर्ता गेला, की कुणीतरी लेखणी उचलतो आणि दोन ओळी लिहितो. पाऊस वेळेवर झाला, बाजरी चांगली आली, लेकीचं लग्न निभावलं, अशा वर्षाची नोंद कुठेच नसते. माझ्या घराण्याचा माग मी या कागदांवरून काढते आहे. माझी माणसं मला तिथे भेटली, पण बहुतेक त्यांच्या वाईट दिवसांत.

आमचं गाव सुप्याच्या पूर्वेला, जुन्या भीमथडी तालुक्यात. सगळी जिरायत. नीरेचा कालवा १८८०च्या दशकात आला, तो आमच्या दक्षिणेकडून गेला. त्याने तिकडचा मुलूख हिरवा केला, आम्ही आभाळाकडे बघत राहिलो. आमच्या घरात सनद नाही, ताम्रपट नाही, देवघराखाली पुरलेली पेटी नाही. कुणब्याच्या घरचा कागद म्हणजे साऱ्याची पावती, आणि तीही आढ्याला खोचलेली, वाळवीने अर्धी खाल्लेली. तेव्हा पूर्वज शोधायचे तर ज्यांनी त्यांच्याकडून सारा घेतला त्यांच्याच वह्या उघडाव्या लागतात.

वाट उलटी चालायची असते. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. एकत्रीकरणाच्या पत्रकात त्या गटाशेजारी जुना सर्व्हे नंबर सापडतो. तो हाती लागला की फेरफारांची वही उघडते, कारण सातबाऱ्यावर प्रत्येक नावापाशी फेरफाराचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकामागे कुणाचा तरी मृत्यू, कुणाची तरी वाटणी, कुणाचं तरी कर्ज असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. त्याच्या मागे गेलं की फेरफार संपतात. मग आकारबंद, मोजणीचं टिपण, दुमाला जमिनींची रजिस्टरं. आणि त्याही मागे मोडी.

मोडी मी शिकले ती या एका कामासाठी. आधी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, असं ते लिहिणं. लिहिणाऱ्याची घाई, कंटाळा, कधी दुपारची झोपसुद्धा त्या वळणात दिसते. २०२३मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली आणि तालुक्यातालुक्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या खोल्यांत पूर्वी एखाददुसरा पक्षकार दिसे, तिथे माणसं पणजोबांची नावं चिठ्ठीवर लिहून रांगेत उभी राहिली. त्या निमित्ताच्या राजकारणाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्या रांगेतली माणसं आठवतात. आपल्या पणजोबाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं बघताना माणसाचा आवाज खाली येतो, हे मी तिथे पाहिलं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे पेशवे दफ्तरच म्हणतात, कागद रुमालांत बांधलेले असतात. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडून १९३०च्या दशकात पंचेचाळीस खंड छापले; मोहिमा, तह, दरबार त्यांत आले. साध्या गावांच्या जमाबंद्या आणि झडत्या मात्र अजून रुमालांतच आहेत. हे सगळं जपलं कुणी आणि कशासाठी, हेही विसरता येत नाही. १८१८ नंतर नव्या सरकारला मुलखाचा वसूल समजून घ्यायचा होता, म्हणून दफ्तर गोळा झालं. पुढे १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि प्रत्येक इनामदाराला विचारू लागलं, की जमीन तुझी कशावरून? पटलं नाही तर जप्ती. त्या तपासणीसाठी कागद लावले गेले, त्यांच्या याद्या झाल्या. आमचा भूतकाळ शाबूत राहिला तो संशयापोटी.

तिथे आमच्या गावचा एक महजर, म्हणजे साक्षीपुराव्याच्या निवाड्याचा कागद, मला मिळाला. शिवेचा तंटा. तारीख ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे अकराशे एकाहत्तर; इसवी १७७०-७१, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचा शेवट. घडी उलगडली तेव्हा शाई वाळवायला टाकलेली वाळू अजून दुमडीत होती. दिव्याखाली दोनचार कण चमकले. मजकुराच्या शेवटी साक्षीदारांची नावं. नाव, पुढे ‘बिन’, पुढे बापाचं नाव. लिहिता कुणालाच येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपल्या धंद्याची निशाणी काढली आहे. वाण्याची तागडी, कुणब्याचा नांगर.

आमच्या आडनावाच्या माणसाचा नांगर नखाएवढा आहे. एक तिरपी रेघ, खाली वळलेला फाळ, वर धरायची रुमणी. इतर दोघा कुणब्यांचे नांगर नुसत्या काट्यासारखे आहेत. त्यांनी काम उरकलं आहे. आमच्याने मात्र इसाड पुढे पुरी लांबवली आहे आणि तिच्या टोकाला जूही काढलं आहे. कागदावर जागा कमी, तरी जू सोडलं नाही. बैल जिथे जुंपायचे ती जागा त्याला काढल्यावाचून राहवलं नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाबद्दल मला माहीत असलेली स्वभावाची ही एकच गोष्ट, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने सांगितली आहे.

त्याच रुमालात गावचा थळझाडा होता. थळ म्हणजे मिरासदार घराण्यांच्या मूळ जमिनी. प्रत्येक थळाला त्या घराण्याचं नाव. काही थळांपुढे लिहिलेलं असतं ‘गतकूळ’. ते घराणं संपलं किंवा परागंदा झालं, जमीन आता दुसरा कुणी कसतो. पण थळ मात्र गेलेल्याच्याच नावाने ओळखलं जातं. आमच्या ओढ्याकाठच्या तुकड्याला घरात सगळे एका आडनावाची पट्टी म्हणतात. ते आडनाव गावात कुणाचंच नाही, आसपासच्या चार गावांतही नाही. का म्हणतात, ते आजोबांनाही सांगता येत नसे. थळझाड्यात ते नाव निघालं, पुढे गतकूळ. माझ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जिथे मटकी आणि हुलगा घेतला ती जमीन मुळात कुणा दुसऱ्यांची होती, आणि त्यांचं नाव त्यांच्या कुठल्याही वंशजाने नव्हे, आम्ही टिकवलं, न कळत. दुष्काळात गेले, की स्वाऱ्यांच्या धामधुमीत, की पटकीच्या साथीत? कागद सांगत नाही. पण आपली वंशावळ शोधायला निघालेल्या माणसाने गतकुळांपुढे थोडं थांबावं असं मला वाटतं. ज्यांच्या मागे विचारणारं कुणी उरलं नाही, तेही याच मातीत राबले.

मग इंग्रजी मोजणी आली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने आधी ठरवलेल्या आकाराने रयत इतकी पिचली होती, की कित्येक कुटुंबं शेतं टाकून निजामाच्या मुलखात निघून गेली होती. म्हणून १८३६मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने आरंभ केला, आणि ती पद्धत पुढे आमच्याकडेही आली. तेहतीस फुटांची साखळी, मातीची खोली आणि रंग पाहून आण्यांत ठरवलेली प्रत, बैलजोडीला झेपेल एवढा एकेक नंबर, आकार तीस वर्षांसाठी कायम. जुन्या बिघ्याचाहुरांच्या मानाने हिशेब स्वच्छ झाला आणि पहिला आकार हलकाही होता. पडीक पडलेलं रान पुन्हा वहितीला आलं. पण टिपणावर माणूस नाही. आमच्या शेताचं टिपण मी पाहिलं: बांधाच्या रेषा, वळणावळणाला साखळीचे आकडे, एका कोपऱ्यात विहिरीची खूण. थळाचं नाव गेलं, नंबर आला. मिरासदार आणि उपरी हा भेदही तिथे संपला. ज्याच्या नावे आकार तो खातेदार. ज्याच्यावर वंशावळ बांधायची, तो खातेदार माणूस त्या सगळ्या कागदांत एका ओळीएवढा आहे.

मुदत संपली आणि १८६७ला इंदापुरापासून फेरमोजणी सुरू झाली, आकार चढले. तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते. सावकाराने पतपुरवठा आखडला, जुन्या खतांवर दावे लावले. १२ मे १८७५, सुप्याचा बाजारचा दिवस. जमावाने सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि मागितलं काय, तर खतं, रोखे, हुकूमनामे. मिळाले तिथे जाळले. माणसांवर हात क्वचितच टाकला. कागद मात्र सोडला नाही. तिथून ते लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि नगरकडच्या तालुक्यांत पसरलं. पुढे चौकशीचं कमिशन बसलं आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

सुपं आमच्यापासून पायी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. त्या दिवशी बाजाराला आमच्यातलं कुणी गेलं होतं का, हे कुठल्याच कागदात नाही. पण त्या रोख्यांमध्ये आमचं खत असणारच. त्या काळी कर्जाशिवायचं कुणब्याचं घर विरळा. वंश शोधणाऱ्याला असा रोखा म्हणजे ठेवा असतो. त्यावर कर्जदाराचं नाव, बापाचं नाव, जामीन म्हणून भावाचं किंवा मेव्हण्याचं नाव, गहाणात बैल किती, कडबा किती, बायकोच्या अंगावरचा डाग कोणता, सगळं सापडलं असतं. माझ्या वंशावळीत १८५० ते १८७५ या काळात जी दोन नावं जुळत नाहीत ती कदाचित त्याच जाळात गेली. गेली तर गेली. तो जाळ ज्यांनी लावला त्यांना पुढे कुणी त्यांची नावं शोधेल असं वाटलं नव्हतं. त्यांना त्या पावसाळ्यात पेरायचं होतं. माझ्या तक्त्यातल्या त्या रिकाम्या चौकटी मला पुऱ्या करायच्या नाहीत.

ज्या पानावर मी सगळ्यांत जास्त वेळ बसले ते त्यानंतरचं आहे.

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, एरवी एकेका पानावर महिनेच्या महिने मावतात. १९१८चा ऑक्टोबर आला आणि पानं भराभर उलटू लागली. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पुढेपुढे कारकुनाने नुसत्या दोन टिंबांची खूण केली आहे. त्या वर्षी पाऊसही नव्हता. त्या पानांत माझे पणजोबा आहेत, वय तीस. दोन ओळी सोडून त्यांची लहान बहीण. बायकांच्या नोंदी बहुतेक ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची आई’ अशाच. तिच्या बाबतीत मात्र लिहिणाऱ्याने नाव घातलं आहे, त्याबद्दल मी त्या अनोळखी माणसाची ऋणी आहे.

पुढच्या वर्षीचा वारसाचा फेरफार असा: खातेदार मयत, वारस मुलगे दोन, अज्ञान, अ.पा.क. आई. अज्ञान पालन करणार. मग पणजीचं नाव, पुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव. आमच्या घराण्याच्या कागदांत तिचं नाव इथे पहिल्यांदा येतं. जमीन तिची नाही. ती मुलांची, आणि मुलं सज्ञान होईपर्यंत ती सांभाळणारी. खाली निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

तो ठसा मी भिंगातून पाहिला. शाई जास्त लागली आहे, डावी कड फरफटली आहे, पण मधल्या रेषा स्पष्ट आहेत. त्या रेषांना आडवी कापत जाणारी एक बारीक पांढरी रेघ आहे. कापणी करणाऱ्या कुठल्याही बाईला ती रेघ लगेच ओळखू येईल. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत ताटं. हात चुकला की वार डाव्या अंगठ्यावर बसतो. जखम जुनी, भरलेली. वारसाच्या नोंदीला बारामतीच्या कचेरीत गेली तेव्हा ती पंचवीस-सव्वीसच्या पुढे नसावी.

त्यानंतरचे फेरफार एकापाठोपाठ एक वाचले की तिची हकिगत उभी राहते. पुन्हा एक अवर्षण येतं. ओढ्याकाठची पट्टी आणि वरचा मोठा तुकडा सावकाराकडे ताबेगहाण जातो. रक्कम लहान, मुदत मोघम. त्यानंतर पीकपाहणीत मालकाच्या ठिकाणी मुलांची नावं तशीच आहेत, बोजा सावकाराचा आहे आणि वहिवाटदाराच्या रकान्यात कूळ म्हणून पणजी. आपल्याच शेतात कूळ. वर्षामागून वर्षं तेच नाव, तेच पीक: बाजरी, तूर, बाजरी, हुलगा, एका वर्षी नुसतं ‘पड’. अर्धा माल खंडाने द्यायचा आणि उरलेल्यात तीन पोटं. युद्धाच्या वर्षांत धान्याला भाव आला, मुलगे हाताशी आले, आणि मग ती नोंद येते: गहाणाची रक्कम फेडली, सबब बोजा कमी. लगेच खालच्या ओळीत थोरला मुलगा ए.कु.मॅ., एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढच्या सालापासून वहिवाटदाराच्या रकान्यात तोच. पणजीचं नाव जातं, ते कायमचं. तिच्या मृत्यूचा फेरफार नाही. तिच्या नावावर काही नव्हतंच, तर नोंद कशाची करणार?

तो थोरला मुलगा म्हणजे माझे आजोबा. आईबद्दल ते फार बोलत नसत. कचेरीत जाताना ती वहाणा हातात धरून चालत जायची आणि पायरीपाशी पायात घालायची, एवढं त्यांनी एकदा सांगितल्याचं आठवतं. वहाणा झिजू नयेत म्हणून, असं ते म्हणाले होते.

वंशावळीचा तक्ता आपण काढतो तो बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असा. साताऱ्याकडच्या माझ्या आजोळी हेळवी यायचा, बैलावर वही लादून; तोही घराण्याच्या पिढ्या म्हणायचा त्या अशाच, मुलग्यांच्या. दरबाराने लिहिल्या त्या अशाच, साहेबाने लिहिल्या त्याही अशाच. पण आमच्या जमिनीचा खरा ओघ तसा नाही. पणजोबांकडून ती आजोबांकडे गेली हे खोटं आहे. पणजोबांकडून ती पणजीकडे आली, तिच्याकडून सावकाराकडे गेली, तिने ती घाम गाळून परत आणली आणि मुलांना दिली. मधली वीस-बावीस वर्षं ती नसती तर आज आमचं आडनाव त्या पट्टीला चिकटलेलं एक गतकूळ असतं. हे मी माझ्या भावंडांना सांगते, भाच्यांना सांगते, आणि माझ्या तक्त्यात पणजोबा आणि आजोबा यांच्या मध्ये तिची स्वतंत्र चौकट आहे, पुऱ्या मापाची.

तिचं माहेर मात्र लागत नाही. लग्नाच्या आधीची ती एकाही कागदात नाही. मुलगी परक्या गावी गेली की माहेरच्या दफ्तरातून पुसली जाते आणि सासरच्या दफ्तरात विधवा झाल्यावर उगवते. माझ्या दोन्ही आत्यांनीही वडिलांमागे हक्कसोडपत्र लिहून दिलं; ‘स्वखुशीने’ असा शब्द त्यात आहे, आणि माहेर तुटू नये एवढाच त्या खुशीचा अर्थ. महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क दिला, केंद्राने २००५मध्ये. कायदा आला तरी हक्कसोड थांबलं नाही. वडील गेल्यावर आमच्या वारसनोंदीत आईचं, भावाचं, माझं आणि धाकटीचं अशी चारही नावं लागली. भावाने तलाठ्याला स्वतः सांगितलं, की कमी करायचं नाही. शंभर वर्षांनी जो कुणी तो फेरफार काढेल, त्याला आम्ही बहिणी शोधाव्या लागणार नाहीत.

अलीकडे गावातल्या बौद्धवाड्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे हाडोळ्याचे कागद आहेत. हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन. त्या तुकड्यांच्या मोबदल्यात त्यांच्या पूर्वजांनी रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामं केली. १९२८मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा सुधारण्याचं विधेयक मांडलं ते याच गुलामगिरीविरुद्ध. १९५८च्या कायद्याने ही वतनं नष्ट झाली; पैसे भरून जमीन नव्या शर्तीवर परत मिळायची, आणि ज्यांना भरता आले नाहीत किंवा कुणी कळूच दिलं नाही त्यांची गेली. गुरुजींना तुकडा परत मिळवायचा नाही, ते आता शक्यही नाही. त्यांना आजोबांच्या मागची नावं हवी आहेत.

मी त्यांना तो १७७०चा महजर वाचून दाखवला. शिवेच्या तंट्यात शीव चालून दाखवायचा मान आणि जोखीम महाराची असे, कारण गावची हद्द त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसे. कागदात तसंच आहे: अमुकनाक बिन तमुकनाक याने दगडापासून दगडापर्यंत चालून दाखवली, मग बाकीच्यांनी साक्ष घातली. म्हणजे आमच्या नांगरवाल्याने जे खरं मानलं ते या माणसाच्या पावलांवर. गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली, मग स्वतःच्या वहीत बाळबोधीत उतरवून घेतली.

“ताई, हा आमचाच कशावरून?” त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न. गावात महार वतनदारांची घरं चार होती. १८६०च्या दशकातल्या दुमाला रजिस्टरात चौघांचीही नावं बापांसह आहेत. तिथपासून महजरापर्यंत चार-पाच पिढ्यांची फट आहे. मधल्या काळातल्या गावझडत्यांत बलुत्याचा हिशेब लिहिलेला असतो, कुणाला किती पेंढ्या आणि किती पायली, नावानिशी. आमच्या गावचे तसे दोन रुमाल यादीत आहेत, अजून उघडलेले नाहीत. पेरण्या आटोपल्या की गुरुजी आणि मी पुण्याला जाणार आहोत. मोडीची बाराखडी त्यांनी आत्ताच घोटायला घेतली आहे.